राखीव नळी

— अहो, बसा ना! उभ्या-उभ्या वाचून कागदावरचं बदलणार आहे का? चहा टाकलाय, तुमचा, बिनसाखरेचा. ‘नमुने खराब, तपासणी झाली नाही’ — एवढंच तर कळवलंय प्रयोगशाळेनं. रोग आहे असं म्हटलंय का कुठं? नाही ना? मग! बाराच्या बारा शेळ्या ठणठणीत आहेत, सव्वीस वर्षं या विलगीकरण केंद्रात कंपाउंडर आहे मी, कान बघून सांगतो. परदेशी जाणारं जनावर इथं महिनाभर वेगळं ठेवायचं, दोनदा रक्त तपासायचं, मग दाखला. दुसऱ्या वेळचं बिघडलं की नियमानं महिना पुन्हा पहिल्यापासून, मग पुन्हा काढू! परवाचं जहाज चुकलं तर चुकलं, महिन्यानं दुसरं आहेच की. तोवर राहा आरामात. इथं काय वाघ खातोय तुम्हाला?

काय म्हणता? गाभण? हो, गाभण आहेत, नोंद मीच केलीय — महिन्यानं चौथा भरेल, आणि चौथा भरलेली शेळी जहाजावर — अरे देवा. चढवत नाहीत. नियमच आहे तसा, मीच शिकवतो सगळ्यांना, आणि माझ्याच डोक्यात — म्हणजे जाणारच नाहीत त्या? आणि शेळ्या नाहीत तर त्यांना सांभाळणारा माणूस तरी कशाला हवा तिकडं? तुमचा परवाना त्यांच्याबरोबरचाच ना? म्हणजे बायको-पोरगी आधीच तिकडं, शेळ्या जाणार त्या गोठ्यावर, तुम्ही इकडं... थांबा, थांबा, काहीतरी निघेल मार्ग. घ्या चहा.

मला लोकांचं राहणं आवडतं हो, म्हणून तोंडातून गेलं. इथं कोण राहतं? महिना झाला की जनावर जातं, माणूस जातो, मी चुन्यानं खोली धुऊन घेतो. आणि मला घरी काही पाळायची बंदी — शेळी नाही, कोंबडी नाही, न जाणो इथला रोग तिथं, तिथला इथं. दिवसभर जनावरांत आणि घरी भिंती! भाऊ यायचा आधी. त्याच्याकडं चार म्हशी. इथं यायचं तर आठवडाभर गोठ्यात पाय ठेवायचा नाही, मग धार कोण काढणार? तो यायचा बंद झाला. बायको होती तोवर चाललं. ती गेली त्याला सहा वर्षं झाली. या महिन्यात तुम्ही रोज संध्याकाळी पत्ते मांडलेत, लबाडी केलीत, माझ्यावर ओरडलात — सहा वर्षांत कोणी ओरडलं नव्हतं माझ्यावर.

आणि नमुन्यांचं म्हणाल तर त्यात कुणाचा दोष? रक्त फार नाजूक. बर्फाच्या पेटीत लगेच नाही गेलं, खिडकीत दुपारभर उन्हाला राहिलं, की नासलंच. — काय? कुठली खिडकी? मी खिडकी कुठं म्हणालो? उदाहरण दिलं हो! असे काय बघताय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं... बसा. नाही, नका बसू. उभेच राहा.

मी ठेवल्या नळ्या खिडकीत. मी. त्या सकाळी तुमच्या बायकोचा फोन आला होता ना ऑफिसात, मीच हाक मारली तुम्हाला, आणि पोरगी मोठ्यानं विचारत होती, बाबा किती वेळा झोपल्यावर येणार? तुम्ही म्हणालात, नऊ वेळा. मीही मोजलं, नऊ. दुपारी पेटी भरायला घेतली आणि हात थांबला. वाटलं, एक महिना. एकच महिना जास्त. ही बाई आणि हे पोर एक महिना थांबतील, काय बिघडतंय? गाभण शेळ्यांचा विचारच नाही आला, शपथ. संध्याकाळी नळ्या पेटीत घातल्या, सील केलं, आणि पत्ते खेळायला आलो तुमच्याबरोबर. त्या दिवशी मी जिंकलो होतो.

शिव्या द्या. खाऊ की गिळू असं नुसतं बघू नका.

ऐका, अजून एक नळी आहे. प्रत्येक शेळीचं रक्त दोन नळ्यांत घेतो आम्ही, दुसरी इथंच, शीतपेटीत, राखीव. डॉक्टर मॅडमना वाटतंय की काढतानाच बिघडलं, म्हणजे दोन्ही गेल्या. म्हणून त्यांनी राखीवला हातच नाही लावला. नंतर बिघडलं असं कुणी लिहून दिलं तर आज गाडी जाईल, उद्या निकाल. आणि ते लिहू शकणारा एकच माणूस आहे. आठ महिन्यांनी निवृत्त होणार होता बिचारा. नोकरी जाईल, सरकारी खोली जाईल — जाऊ दे. काय आहे त्या खोलीत?

द्या तो फोन इकडं. — हॅलो, मॅडम? कंपाउंडर बोलतोय. शेळ्यांच्या नमुन्यांचं... नाही, रक्त काढताना नाही, नंतर. माझ्याकडून. नाही मॅडम, चुकून नाही, मुद्दाम. हो. लेखी देतो. तुम्ही आधी राखीव नळ्या पाठवा, मग माझं काय ते बघा. हो, तेही आहेत इथंच. ऐकतायत.

झालं. गाडी येतेय. चहा निवला, राहू द्या, मी पिईन. परवा निघताना एकदा इकडून — नाही. नको, बरोबर आहे तुमचं. जा. शेळ्या ओरडतायत, पाण्याची वेळ झाली. जा म्हणतो ना! दार ओढून घ्या.