न दुखणारा दात

दातांच्या दवाखान्यात उशीसारखा सुजलेला गाल धरून शिवणवाली बसली होती. शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडत होतं.

"दात दुखत नाहीये तुमचा. संध्याकाळच्या शोकसभेत बोलायचं टाळताय."

"दात काढला की बोलू नये, असं डॉक्टरच सांगतात."

"तीस वर्षं प्रत्येक निवडणुकीत त्या गेलेल्या माणसाला चोर म्हणालात, तेव्हा बरी जीभ चालली."

"ते राजकारण होतं गं."

"पण होते का ते चोर?"

"छे. सरळ माणूस. चोर असते तर लोकच म्हणाले असते. मला कशाला घसा कोरडा करावा लागला असता?"

"मग आज हेच सांगा."

"त्यांची बायको समोर बसणार आहे."

"म्हणूनच सांगा. तीस वर्षं ती बाई बाजारातून मान खाली घालून चालते आहे."

आतून म्हाताऱ्याला हाक आली, तसा तो शिवणवालीकडे वळला.

"ताई, तुम्ही जा आधी. तुमचा खरंच दुखतोय."

ती दाराशी पोचेपर्यंत त्यानं खिशातून कागद काढला होता.

"सुरुवात कशी करू?"

"'मी'पासून करा."

"ती सवय आहेच मला."