ढोल थांबला की

नाही म्हटलं ना, बाई — एकदा नाही म्हणजे नाही, मी येणार नाही. तुमचे यजमान बेकरीवाले असोत, नाहीतर बिशप असोत. बसा मात्र. उन्हातून आलात, बसा, हे मक्याचं आतोल घ्या, गार झालंय पण गोड आहे. कोणी पाठवलं तुम्हाला? चोनिताने? वाटलंच मला. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. काय म्हणाली — तोरिबियोकडे जा, त्याने ढोल वाजवून बायकोला चालतं केलं — हो ना? आणि पुढचं? पुढचं नाही सांगितलं? तिथे बरी दातखीळ बसली तिची.

तसं खोटं नाही ते. चालायची माझी निन्फा. तुमच्या यजमानांचं, इसाउरोंचं काय होतं — दारात अडकतात? पाय जमिनीला चिकटतात, वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागेच? तेच ते. कंपवात. डॉक्टर म्हणाला औषध घ्या, घेतलं, हात जरा थांबला, पण पाय काही ऐकेनात. आणि कळलं ते कसं, सांगू? ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस होते, आत्तासारखेच, मी इथे या अंगणात मिरवणुकीच्या चालींचा सराव करत होतो, आणि ती स्वयंपाकघराच्या दारात अडकलेली — हातात घेवड्याचं गरम पातेलं. मला दिसलंच नाही. मी आपला वाजवतोय — धम्म… धम्म… — आणि बघतो तर बाई पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी! दारातून आली, अंगण ओलांडलं, पातेलं टेबलावर ठेवलं, एक थेंब सांडला नाही. मी वाजवायचा थांबलो — ती तिथेच खिळली. परत वाजवलं — चालली. आम्ही दोघं हसलो की रडलो, आठवत नाही आता. दोन्ही केलं असणार.

मग काय, आमचा संसारच ढोलावर सुरू झाला. सकाळी पलंगापासून मोरीपर्यंत बावीस पावलं, मी लाकडी डावाने बादलीवर ठोकायचो. बाजारात माझ्या पत्र्याच्या डब्यावर. लोक हसायचे — तोरिबियो बायकोची मिरवणूक काढतो म्हणून. हसेनात का. एकदा मारिंबा वाद्यावरची नाचाची चाल वाजवून बघितली, जरा पाय झटझट उचलेल म्हणून, तर पायात पाय! म्हणाली, या वयात मला नाचवतोस होय रे मेल्या? आपली शोकाची चालच बरी. आणि बरोबर होतं तिचं. ऐंशी माणसं खांद्यावर पालखी घेतात, केवढी ती लाकडाची, वर क्रूस घेतलेला येशू, आणि ऐंशीचे ऐंशी एकदम डावीकडे झुकतात, एकदम उजवीकडे — ते काय एकमेकांकडे बघून? मागे बँड असतो म्हणून, आणि बँडमध्ये ढोल असतो म्हणून. एक ठोका चुकला तर कुणाचा तरी खांदा निखळतो. एक्केचाळीस वर्षं वाजवला मी, बाई. जास्तीचा एक ठोका पडला नाही माझ्या हातून. एकसुद्धा नाही.

घ्या ना, आतोल घ्या.

एक नियम तेवढा मी तिला घालून दिला होता. ढोल थांबला की तूही थांब. जिथे असशील तिथे. एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, मी परत सुरू करेन तेव्हाच चालायचं. का, तर एकदा मी शिंकलो, ठोका चुकला, आणि ही आपली ठोक्याविना पाय ओढत पुढे जायला गेली आणि चुलीवर कोसळली — इथपासून इथपर्यंत हात भाजला. मी फार ओरडलो तिला. घाबरलो होतो ना, म्हणून ओरडलो. तर तेव्हापासून ढोल थांबला की थांबायची. पुतळ्यासारखी. माझ्याकडे बघत, मी कधी सुरू करतोय म्हणून. लहान मुलं ऐकत नाहीत इतकं ऐकायची हो.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं काय? काही झालं नाही. चोनिताला विचारा — नाही, चोनिताला नका विचारू, तिला वाटतं गर्दीमुळे झालं. सगळ्यांनाच वाटतं गर्दीमुळे झालं.

गेल्या वर्षीच्या गुड फ्रायडेला मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, दुपारी तीनला. मी तिला उंबरठ्यावर खुर्ची देऊन बसवलं होतं, सांगून ठेवलं होतं, इथूनच बघ. पूर्वी ती हातात मेणबत्ती घेऊन बँडच्या मागे अख्खा रस्ता चालायची, बघा. सात वर्षं झाली होती त्याला. तर आम्ही घरावरून पुढे गेलो, मी सहज डाव्या खांद्यावरून मागे बघतो — माझी बायको रस्त्यात. रस्त्यावर रंगीत लाकडी भुशाचा गालिचा घालतात, त्याचा पालखीने चुरा केला होता, त्या चुऱ्यावरून चालतेय. ताठ. माझ्या ठोक्यावर. मेणबत्ती नव्हती, तरी हात तसा धरलेला.

आणि मला — सांगून टाकतो आता, ऐकाच — मला आनंद झाला. शेजारी क्लॅरिनेटवाला होता, त्याला सांगता आलं असतं, अरे तिला धर, घरी सोड. नाही सांगितलं. मी ढोल जोरात वाजवायला लागलो. तिला ऐकू यावा म्हणून — नाही, सगळ्या गल्लीने बघावं म्हणून! बघा म्हटलं, हसत होता ना, बघा आता, माझी बायको चालतेय. बँडमास्तरांनी डोळे वटारले, तरी मी जोरात.

कोपरा आला. कोपऱ्यावर खांदे बदलतात. जुने ऐंशी बाहेर, नवे ऐंशी आत, आणि तेवढा वेळ बँड गप्प. आमच्या मंडळाचा नियमच आहे तो, पालखी टेकूवर असताना एक सूर निघता कामा नये. चाल संपली. मास्तरांचा हात वर. मी मागे बघितलं. निन्फा थांबलेली. रस्त्याच्या मधोमध, उजवा पाय पुढे, डोळे माझ्यावर. घाबरलेली नव्हती. मी सुरू करणार हे तिला ठाऊक होतं ना. मागून गर्दी येत होती, खांदेबदल बघायला लोक पळतात — मला दिसत होती, बाई, तिची पाठ तिकडे, तिला दिसत नव्हती. काठी माझ्या हातात होती. चार ठोके. चार ठोक्यांत ती भिंतीपर्यंत पोहोचली असती.

मी ढोलावर तळहात ठेवला. हो. कातडं नुसतं घुमतसुद्धा राहू नये म्हणून. एक्केचाळीस वर्षांची सवय.

खुब्याचं हाड मोडलं. बाराव्या दिवशी गेली. दवाखान्यात मला म्हणाली, मी हलले नाही हं, तू सांगितलं होतंस तसं. शाबासकी मागत होती हो माझ्याकडे! आणि मी दिली. म्हटलं, शहाणी माझी ती.

रडू नका. तुम्ही कशाला रडताय, तुमचा माणूस घरी आहे. उठा. ही काठी घ्या — घ्या म्हणतो ना, मला काय करायचीय. ढोल नको, घरात पातेलं आहे, बादली आहे, तेवढं पुरतं. सावकाश ठोकायचं. पण त्यांना माझ्यासारखं शिकवू नका. ठोका थांबला तर स्वतः मोजायचं, तोंडाने, मोठ्याने, एक-दोन, एक-दोन, आणि चालत राहायचं, माझी वाट बघायची नाही — तुमची, तुमची वाट बघायची नाही. हे आधी शिकवा. काठीच्याही आधी.

ऐकताय? मागच्या गल्लीत सराव चाललाय. नवा ढोलवाला घाई करतो, खांदे मोडेल कुणाचे तरी. धम्म… धम्म… बघा, हा आता थांबेल. चाल संपत आली.

थांबला.

एक-दोन, निन्फा. एक-दोन. एक —

जा, बाई. जा म्हटलं ना.