फोनची ड्यूटी

"विज्ञानानं खोटेपणाचं कंबरडंच मोडलं, चन्नप्पा. आता कुणाला फसवायची सोय राहिली न्हाय," असं जाहीर करून गुरुनं आपला फोन कंडक्टर चन्नप्पाच्या खिशात सरकवला.

दुधनीची बस सोलापूरच्या स्टँडवर भरत होती. केसरबाई पहिल्या सीटपाशी उभ्याच होत्या. सीटवर कुणाची तरी पाण्याची बाटली लवंडली होती, त्यामुळं बसता येत नव्हतं. ऐकता मात्र येत होतं.

"रोज फोन देतोस. हे हाय तरी काय बे?"

"आमच्या टॉवेल कंपनीनं एक्सेलमधी नवं ॲड-इन टाकलंय. फोन कुटं कुटं फिरला ते बघून आपोआप टाइमशीट भरतंय. तू दुधनी करून ये, माझी ड्यूटी भरली."

"आन तू?"

"झोपतो की."

"म्हंजे गेला आठवडाभर मीच फिरवतोय तुला. साहेब काय म्हणतेत?"

"लई खूश हायत. म्हणले, असा राबणारा सेल्समन बघितला न्हाय. सुट्टीदिवशीबी दुधनीत."

"मग तोंड का पाडलंय?"

"म्हणले, एवढं फिरून एकबी टॉवेल कसा खपंना? आज एक तरी खपव, न्हायतर उद्यापासनं घरीच बस."

"घरीच तर असतोस की."

"चेष्टा नको बे. ही टॉवेलची पिशवी धर. तिकिटं देता देता एखादा खपव."

चन्नप्पानं एक टॉवेल काढून केसरबाईंपुढं धरला. "मावशी, बघा की."

केसरबाईंनी तो बोटांनी चोळून बघितला. "पाणी टिपतो का?"

"लई टिपतो," म्हणत गुरु स्वतःच पुढं झाला.

"मग ही सीट जरा पुसून द्या की."