मी हरायला उभा होतो

नाही नाही, आधी ही शाल काढून घ्या. तो नारळही ठेवा तिकडं. सत्कार कसला करताय? 'पहिला मराठी हान्चो' म्हणे! अहो, हान्चो म्हणजे काय पंतप्रधान आहे का? आमच्या फुनाबोरीच्या इमारतीचा वर्षभराचा पुढारी! घरोघर सूचना फिरवायच्या, वर्गणी गोळा करायची आणि कचऱ्यावरची जाळी कावळ्यांनी ओढली की ती परत नीट पसरायची. इथं जपानात कुणालाच नको असतं ते पद. आणि ते मी जिंकलो म्हणून तुम्ही टाळ्या वाजवताय... तुम्हाला सांगतो, मी हरायला उभा होतो!

हसू नका. मी चौथी शिकलेला, इचलकरंजीत मागावर जन्म काढलेला माणूस. लाल बावट्याचा. नगरपालिकेला पाच वेळा उभा राहिलो, पाचही वेळा पडलो. पण जिंकायला उभा राहून पडलो! मुद्दाम पडायला आयुष्यात एकदाच उभा राहिलो, ते या रेनातोरावांपायी.

रेनातोराव कोण? इटलीचे. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मुलगी क्लारा, जावई जपानी. मी इथं मुलाकडं, सारंगकडं आलो तेव्हा दिवसभर करायचं काय? नात पाळणाघरात, मुलगा-सून कामावर. खाली बाकावर जाऊन बसलो, तर शेजारी हा गोरा म्हातारा. टोपीवर एवढासा लाल तारा! मी नुसती मूठ वर केली. तर तो ताडकन उठला हो, गुडघे दुखत असताना उठला आणि त्यानंही मूठ वर केली. झालं! पुढचं सगळं फोनवर. तो फोनमध्ये इटालियन बोलणार, फोनमधली बाई ते मला मराठीत सांगणार. शाळामास्तरणीसारखी. 'मी कौलांच्या भट्टीत कामगार होतो. नंतर मी महापौर झालो.' तिच्या आवाजात ना दुःख ना आनंद!

पण माणूस मोठा. भट्टीतून युनियनमध्ये, युनियनमधून गावचा महापौर, तिथून दोनदा त्यांच्या प्रांताच्या विधानसभेत. डोंगरातल्या गावांना बस आणली, बंद पडणारा दवाखाना चालू ठेवला. आणि पक्ष? पक्ष फुटला. मग फुटलेला फुटला. दर खेपेला नवीन नाव, नवीन पाटी, माणसं तीच आणि दर खेपेला थोडी कमी. मी म्हटलं, राव, हे सांगायला तुम्ही इटलीहून कशाला आलात, आमच्या इचलकरंजीत काय वेगळं झालं? शेवटच्या निवडणुकीला स्वतःच्या गावातच पडले. लोक मतदानाला कशानं आले? त्यांनीच आणलेल्या बसनं! बसमधून उतरले आणि दुसऱ्याला मत देऊन त्याच बसनं घरी गेले.

हे सांगितलं त्या दिवशी फोनमधली बाईसुद्धा गप्प झाली. म्हणजे बॅटरी संपली होती, पण मला तसं वाटलं.

त्या निवडणुकीत पडल्यापासून माणूस जेवेना. बायको आधीच गेलेली. क्लारा दीप्तीला, म्हणजे आमच्या सूनबाईला, पाळणाघराच्या दारात रडत म्हणाली, 'बाबा नुसते खिडकीशी बसतात. असंच चाललं तर परत नेऊन तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल.' वृद्धाश्रमात! महापौर! आणि बाकावर मी एकटा.

तर मी काय सांगत होतो... हां, हान्चो. इमारतीची सभा होती. यंदाची पाळी नोमुराबाईंची. त्या म्हणाल्या, कंबर दुखते. दुसऱ्यांची आई आजारी, तिसऱ्यांची रात्रपाळी. सगळे खाली माना घालून स्वतःच्या सपाता बघतायत आणि एकदम रेनातोरावांचा हात वर! अहो, त्या सभेत आपणहून कुणी हात वर केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. सगळ्यांनी कमरेत वाकून 'आरिगातो, आरिगातो' करत आभार मानले आणि सभा मिटवायला निघाले. तर हे महाशय लालबुंद! फोनमधली बाई सगळ्यांना जपानीत सांगायला लागली. दीप्ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, बिनविरोध घेणार नाही. निवडणूक पाहिजे. विरोधात कोण आहे?"

विरोधात कोण असणार? सगळ्यांच्या नजरा परत सपातांवर! आणि रेनातोराव एकेकाच्या तोंडाकडं बघतायत. तशी नजर मी ओळखतो. निकालाच्या दिवशीची नजर असते ती.

दीप्ती म्हणाली, "बाबा, तुम्ही उभे राहा ना."

"अगं, मला जपानी येतं का?"

"तुम्हाला कुठं निवडून यायचंय? हरायचंच तर आहे. तुम्हाला सवय आहे."

सवय आहे म्हणे! सून आहे का कोण... पण केला हात वर. तुम्हाला सांगतो, मी हरायला उभा होतो.

आता घ्या मतदान, पाडा मला, संपवा. तर नोमुराबाई उठल्या, तोंडावर हात धरून म्हणाल्या, मत घेतलं तर एकाला वाईट वाटेल, शेजाऱ्यांना असं वागवणं बरं नाही, तर 'जानकेन' करा. जानकेन! पोरं हाताच्या खुणांनी खेळतात ते! म्हणजे ज्या माणसानं सारा जन्म मतपेट्यांत घालवला, त्याचा निकाल पोरखेळावर? मी दीप्तीला विचारलं, हे कसं असतं? ती घाईत म्हणाली, "मूठ म्हणजे दगड, आणि..." पुढचं ऐकलंय कोण? मूठ म्हटल्यावर मला कळलं. त्यालाही कळलं.

सगळे ओरडले, जान-केन-पोन! माझी मूठ. त्याची मूठ. बरोबरी, पुन्हा! माझी मूठ, त्याची मूठ. पुन्हा! मूठ, मूठ! दोन म्हातारे, पण मूठ कोण सोडणार? सगळी सभा बघतेय. रेनातोरावांच्या डोळ्यांत पाणी. माझ्या? माझ्या डोळ्यांना वाऱ्याचा त्रास आहे.

मग मी मनाशी म्हटलं, कुणीतरी मूठ उघडल्याशिवाय हे संपत नाही. मूठ सोडली म्हणजे माणूस हरला, आमच्याकडं तरी असंच असतं. मित्रासाठी एकदा सोडू. आणि उघडला हात.

टाळ्या! सगळे माझ्याकडं वळून वाकायला लागले. मी दीप्तीला म्हटलं, "अगं, हरलो ना मी?" ती म्हणाली, "बाबा, जिंकलात! तो कागद झाला, कागद दगडाला गुंडाळतो."

कागद दगडाला गुंडाळतो! अहो, आमच्या युनियनच्या ऑफिसात कागद उडू नये म्हणून त्याच्यावर दगड ठेवायचो आम्ही! दगडाखाली कागद की कागदाखाली दगड? पण जपानात कुणाला सांगणार? आणि खाली बघतो तर काय... माझा उघडा हात. पंजा! ज्या पंजाविरुद्ध भिंती रंगवता रंगवता केस पांढरे झाले, तो पंजा दाखवून मी आयुष्यातली पहिली निवडणूक जिंकलो!

रेनातोराव टोपी घालून निघून गेले. पुढं आठवडाभर बाकावर नाहीत. मला घास जाईना. सारंग म्हणाला, "बाबा, मुद्दाम थोडंच केलंत?" मुद्दाम केलं असतं तर बरं होतं रे, निदान माफी तरी मागता आली असती.

आणि एका सकाळी दाराची घंटा. बघतो तर रेनातोराव! दाढी केलेली, टोपीवर तारा. फोन पुढं केला. बाई म्हणाली, 'अध्यक्ष महोदय. कचऱ्याची जाळी फाटली आहे. जनता संतप्त आहे. आपण झोपला आहात काय?'

तेव्हापासून रोज! जाळी, जिन्यातला दिवा, सायकली वाटेत लावल्या. मी आलो नाही तर खाली मूठ वर करून एकटा उभा राहतो. क्लारा सांगते, आता दोन वेळा जेवतात, वर पुन्हा वाढून मागतात. पुढच्या वर्षी मला पाडणार आहेत म्हणे. आणि मी दिवाळीला इचलकरंजीला परत जाणार होतो, तर सारंग हसून म्हणतो, "बाबा, मुदत संपल्याशिवाय पुढाऱ्याला जाता येतं का?"

जन्मभर मी दुसऱ्यांच्या दारात मोर्चे नेले. आता रोज माझ्या दारात मोर्चा येतो... एका माणसाचा. त्याच्या मागण्याही खऱ्या असतात, हेच वाईट!

तुम्हाला सांगतो, मी हरायला उभा होतो. पाच निवडणुका जिंकायला लढलो, एकही जिंकता आली नाही. एक हरायला लढलो, ती हरता आली नाही.

असो. द्या ती शाल इकडं. सकाळी जाळीपाशी फार गारठा असतो, आणि विरोधी पक्ष लवकर उठतो.