शेगडीवरचं झाकण

हार्डवेअरच्या दुकानात रंगारी नुसताच रांगेत उभा होता. कान मात्र पुढच्या नवरा-बायकोच्या बोलण्यात.

“शेगडीला लाकडी झाकण केलंत, ओटा कसा ऐसपैस झाला! पण चहा करायचा कुठे?”

“झाकण उचल आणि कर की!”

“त्यावर तुमचा रेडिओ, माझ्या कुंड्या, सासूबाईंचा आरसा. काय काय उचलू?”

“म्हणून तर विजेची छोटी शेगडी आणली. बसली ना झाकणावर?”

“बसली हो, ऐटीत बसली.”

“मग तोंड का वाकडं?”

“उघडीबोडकी दिसते बिचारी.”

“अगं, मग रांगेत कशाला उभे आहोत आपण? दादा, हिच्याही झाकणाला बिजागऱ्या द्या. एक जोडी.”

“दोन द्या हो, दादा.”

“दोन कशाला?”

“तिसऱ्या शेगडीला नकोत?”