पिवळ्या फडक्यातला डबा

दोन हजार दोन साली कॅलिफोर्नियात, सांता क्लारातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, एक जोडपं माझ्या पुढे होतं. मंडळाच्या अंकात मी टोपणनावानं कधी खुनाच्या, कधी भुताच्या गोष्टी लिहितो आणि अमेरिकेला नावं ठेवणारे लेखही लिहितो. हे त्या दोघांना माहीत असायचं कारण नव्हतं.

“अंक वाचलास, शिरीष?”

“खुनाची गोष्ट वाचली. भारी आहे.”

“आणि लेख?”

“त्याचे लेख नको यार. कायम कटकट. म्हणे इथल्या लोकांना शेजारी माहीत नाही, त्याच्या कुत्र्याचं नाव मात्र माहीत.”

“या वेळचा आपल्याच लोकांवर आहे. एकाचा जॉब गेलाय, पण घरी सांगत नाही. रोज इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खातो.”

“काहीतरी रचून लिहितात गं.”

“डबा पिवळ्या फडक्यात बांधलेला असतो म्हणे.”

“पिवळं फडकं काय, कुणाकडेही असतं.”

“हो. असतं.”

“पुढे सरक नीला, लाइन हलली.”

“काचा बंद करून जेवतो, असं लिहिलंय. एवढ्या उन्हात.”

“भाजीचा वास बाहेर जातो. लोक वळून बघतात.”

“शिरीष.”

“काय?”

“उद्यापासून मी डबा भरणार नाही. घरीच जेव, गरम. मीही रोज एकटीच जेवते.”