बाई येईपर्यंत हलायचं नाही

साडेबाराला. बरोब्बर साडेबाराला सुरू झालं सगळं, बाई, आणि तुम्ही म्हणताय "दुपारी कधीतरी" — कधीतरी कसं? साडेबाराला सुटल्याची घंटा झाली, पोरी दप्तरं उचलून पळाल्या आणि माझी मैना मागच्या बाकावर बसून राहिली. का राहिली? तुम्ही सांगितलं होतं म्हणून. — नाही, उठू नका, बसा हो, मी भांडत नाहीये, माझा आवाजच असा आहे. मोठ्या बाईंनी तुम्हाला पाठवलंय ते मला दारातच कळलं. निरोपही ऐकला मी पूर्ण. मैनाला आमच्या शाळेतून काढून घ्या, ठाण्याला मतिमंद मुलांची शाळा आहे तिथं घाला, तिला सांगितलेलं कळत नाही, उद्या काही बरंवाईट झालं तर जबाबदारी कुणाची. असंच ना? सांगून झालं तुमचं. आता चहा घ्या आणि माझं ऐका. नको कसा, गाळला मी.

सांगितलेलं कळत नाही म्हणे! अहो, सांगितलेलं तेवढंच तर कळतं तिला. परवा वर्गात ती बाकावर बोटं वाजवत होती, हो ना? तुम्ही दोनदा दटावलंत, तिनं ऐकलं नाही, बरोबर आहे, तुम्हाला राग आला. कुणालाही येईल, मला दिवसाला पन्नासदा येतो. मग तुम्हाला ऑफिसातून बोलावणं आलं, आणि जाता जाता तुम्ही म्हणालात, "मी येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही." म्हणालात ना? सगळ्याच बाई म्हणतात, आमच्याही म्हणायच्या, मी सातवीपर्यंत शिकले त्यात शंभरदा ऐकलं असेल. पण घंटा झाली की ते संपतं, हे आम्हाला माहीत असायचं. कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. आपोआप येतं ते. माझ्या पोरीला ते आपोआप येत नाही — आणि तिसरीत असून सातवीच्या पुस्तकातली गणितं आपोआप येतात. आता बोला. तुम्ही तिकडून परस्पर घरी गेलात, विसरलात, माणूस आहात. दामू शिपाई आला, दारातूनच "कोन हाय का रं आत" म्हणून ओरडला आणि कुलूप लावून गेला. मैनानं ओ का दिली नाही? मी विचारलं तिला. तर म्हणते, काकांनी माझं नाव घेतलं नाही.

मी इकडे बिनघोर. रोजच उशीर होतो तिला, वाटेत खलीलभाईंच्या कापड विणायच्या कारखान्याच्या खिडकीशी उभी राहते, लूम ऐकत. आमचे हे तिथंच जॉबर आहेत, लूम बिघडली की तेच नीट करतात, त्यामुळे पोरीवर लक्ष असतं. म्हटलं, असेल तिथं. भात निवला, दोनदा गरम केला, तरी नाही, तेव्हा मी कारखान्यात गेले, तर हे म्हणतात, आज आलीच नाही. मग जे पळालो आम्ही दोघं! धामणकर नाक्यावर रिक्षावाल्यांना विचारलं, शेजारच्या सफियाभाभींनी आपल्या दोन्ही पोरांना वेगवेगळ्या गल्ल्यांत पाठवलं, हे नळावरच्या बायांना विचारत सुटले — आणि शेवटी मी शाळेच्या मागच्या अंगाला जाऊन खिडकीवर चढून बघितलं. बसली होती. हात मांडीवर, तोंड फळ्याकडे. फ्रॉक ओला झालेला. मी ओरडले, मैना! तर माझ्याकडे न बघता म्हणते, "बाई अजून आल्या नाहीत."

रडू नका हो तुम्ही. तुम्ही रडलात तर मी काय करू? वय काय तुमचं, माझ्याहून लहानच असाल. — बरं, ते राहू दे, रडायच्या आधी एक काम करा. ह्यांनी दामूकडून कुलूप उघडवून तिला उचलून आणली परवा, पण तिच्या हिशेबी तुम्ही अजून आलेल्याच नाहीत. कपडे बदलू दिले, झोपली, पण जेवायला आणि मोरीला जायचं तरी आधी विचारते, "बाई आल्या का?" आणि परत त्या कोपऱ्यात जाऊन हात मांडीवर ठेवून बसते. काल दिवसभर तेच, आज सकाळपासून तेच. आतल्या खोलीत जा. उंबऱ्यात उभ्या राहा. "मैना, मी आले, आता तू हलू शकतेस" — एवढं म्हणा. नाव घेऊन म्हणा. बाकी काही नको, डोक्यावरून हात बित फिरवू नका, तिला खपत नाही. जा.

...बघितलंत? झाली की नाही उभी? सरळ माठाकडे गेली. आणि तुमच्या तोंडाकडे बघितलं का? नाही बघितलं, तुमच्या घड्याळाच्या पट्ट्याकडे बघत होती, मला इथून दिसलं. रागावलीय म्हणून नाही, तशीच बघते ती, माझ्याकडेही. मी नऊ महिने वाढवलेलं पोर, माझ्या मंगळसूत्राच्या वाट्यांशी बोलतं. काय वाटत असेल मला? — जाऊ दे.

आता मतिमंद म्हणालात त्याचं सांगते. लहानपणी हाक मारली तर बघायची नाही. आम्हाला काय वाटलं असेल? कान! दुसरं काय वाटणार? या गल्लीत प्रत्येक घरात एक तरी माणूस लूमच्या आवाजापायी कानानं गेलेला, सासऱ्यांच्या कानाशी ताट बडवावं लागायचं. आम्ही म्हटलं, पोर लूमच्या भिंतीला लागून जन्मलं, कान बसले. दोन वर्षं तेल घातलं, बाई, कोमट करून, लसूण टाकून. मग कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, हिचे कान तुमच्या-माझ्याहून तिखट आहेत. आणि खरंच — ती जी बोटं वाजवत होती ना बाकावर, ती मस्ती नव्हती, ती खलीलभाईंच्या कोपऱ्यातल्या लूमची चाल होती. ह्यांनी ओळखली. ती लूम बिघडायच्या आधी वेगळी वाजते, मैना घरी येऊन तसं वाजवून दाखवते, हे जाऊन बघतात तर पट्टा सैल झालेला. आणि वाचायला तर शिकवलंच नाही कुणी. चार वर्षांची होती, सफियाभाभी धावत आल्या, "अरी चंद्रा, तेरी लडकी तो दुकान का बोर्ड पढ रही है, वो भी उर्दू का!" मला उर्दूचा एक ठिपका कळत नाही, मी काय शिकवणार? मग गल्ली गोळा झाली. कुणी पेढे आणले, कुणी म्हणालं देवीचं देणं, मौलवीसाहेबांनी डोक्यावर फुंकर घातली. मी काय फुगले होते त्या दिवशी, विचारू नका. त्या वर्षीच सासू गेली. घरात रडारड, प्रेत दारात, आणि ही सगळ्यांच्या मधे येऊन विचारते, "आता आजीचा पंखा कुणाच्या खोलीत लावायचा?" तेच पेढेवाले असे बघायला लागले तिच्याकडे! हुशार पोर विचारतं का असं? की बिघडलेलं पोर विचारतं? की पोर आहे म्हणून विचारतं? सांगा ना, तुम्ही डी.एड. झालाय.

कानाच्या डॉक्टरनंच मुंबईला धाडलं. मोठं हॉस्पिटल, मुलांच्या मनाची डॉक्टर, मॅडम चांगल्या होत्या, मराठीत बोलल्या. सकाळपासून दुपारपर्यंत तिच्याशी खेळल्या, ठोकळे काय, चित्रं काय. शेवटी मला म्हणाल्या, पोरगी अतिशय हुशार आहे, अशी हजारात सापडत नाही. मी उठलेच, म्हटलं झालं, चला घरी. तर म्हणाल्या, बसा, आणखी एक आहे. ॲस्पर्जर म्हणाल्या. मी तीनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून. नवीन नाव आहे म्हणे, इथल्या डॉक्टरांनाही आत्ता आत्ता कळायला लागलंय. वेड नाही, मंद नाही. जे आपल्याला न सांगता कळतं, तोंडावरून, आवाजावरून, ते यांना शिकवावं लागतं, पाढे शिकवतात तसं. मग मी म्हटलं, मॅडम, नक्की काय ते एक सांगा — हुशार की हे? शेजारणीची हुशार भाची पण एकटीच असते, ती पण मोठ्या माणसासारखं बोलते, तिला पण लोकरीचं स्वेटर टोचतं. मग फरक काय? तर म्हणाल्या, बाहेरून दोघी सारख्याच दिसतात, दोघीही सुट्टीत भिंतीशी उभ्या. नुसत्या हुशार मुलीला तिच्या तोडीची मैत्रीण मिळाली तर ती पटकन जाते तिच्याकडे. दुसरीला मैत्रीण हवी असते, पण जायचं कसं ते उमगत नाही. आणि कधी कधी दोन्ही एकाच पोरीत असतं, तुमच्या मैनात आहे, एक दुसऱ्याला झाकतं.

मी काय केलं माहिताय? मधल्या सुट्टीत येऊन तुमच्या कुंपणाशी उभी राहिले. एक दिवस नाही, आठवडाभर. पोरी दोरीवरून उड्या मारत होत्या. मैना त्यांच्या बाजूला, अगदी दोरी लागेल एवढी जवळ, ओठ हलवत. तिची पाळी यायची वाट बघत होती हो! कुणी तिला "ये" म्हटलं नाही, आणि आपण घुसायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नाही. घंटा झाली की आत. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. आणि तुम्ही वर्गात म्हणायचात, मैनाला कुणाशी खेळायला आवडत नाही, शिष्ट आहे.

पण तुमची तरी काय चूक! शाळेत नाव घालताना मी सांगितलं फक्त एकच. हुशार आहे, मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हुशार आहे. दुसरं गिळलं. आणि मग काय होतं बघा — हुशार म्हटलं की सगळे म्हणतात, एवढी हुशार आहे ना, मग मुद्दाम करते. छडी. आणि दुसरं नाव घेतलं की म्हणतील, हिला काय कळणार, बसवा कोपऱ्यात. एका शब्दानं मार, दुसऱ्यानं कोपरा! माझ्या पोरीसाठी तिसरा शब्दच नाही का कुणाकडे?

आणि घरी तर ते नाव काढायचीच सोय नाही. ह्यांना ठाऊक नाही, बाई. हो, दोन वर्षं झाली, ह्यांना मी अर्धंच सांगितलंय. का? ह्यांची बहीण आहे गावाला, अंजूरला, तुळजा. चाळिशीची आहे. गोठ्याशेजारच्या खोलीत असते, कडी बाहेरून. लहानपणी तीही हाकेला बघायची नाही, सुपानं पाखडल्याचा आवाज ऐकत तासन्‌तास बसायची. कुणी शाळेत घातली नाही, कुणी काही शिकवलं नाही, "येडी हाय, भायेर न्हाय सोडायची," संपलं. आणि हे मला एकदा बोलून गेलेत — मैनात तसलं काही निघालं तर गावाला ठेवू, निदान लोक हसणार नाहीत. म्हणून मी हुशार, हुशार, हुशार! दारात, नळावर, दुकानात. ॲस्पर्जर म्हणून एकदाही — आणि खरं सांगू? परवा त्या खिडकीवर चढले होते ना, ती दिसायच्या आधी एक क्षण मनात आलं, की नसलीच सापडली तर... एक क्षणच, बाई. दुसऱ्या क्षणी मी गज दातांनी तोडले असते. हे कुणाला सांगू नका हां, हे मी बोललेच कशी —

थांबा.

आज शुक्रवार. लूम बंद.

अगं बाई. एरवी या घरात घसा फाडून बोललं तरी ह्या खाटेवरचं त्या खाटेवर जात नाही, सगळं लूमखाली बुडतं, आणि मी त्याच आवाजात — सफियाभाभी, खिडकीतून आत काय बघताय? ऐकलंत ना? आणि अहो, तुम्ही... तुम्ही झोपला होतात ना, कधी उठलात? किती वेळ उभे आहात तिथं?

असे बघू नका. ऐकलंत तर ऐकलंत. हो, डॉक्टरांनी सांगितलं होतं. हो, मी लपवलं. ओरडायचं असेल तर बाई गेल्यावर ओरडा. पण अंजूरला ती जाणार नाही, कडीची खोली ती बघणार नाही, हे आत्ताच सांगते, गल्ली ऐकतेय तोवर सांगते.

बाई, तुम्ही निघा आता. चहा राहू दे, निवला तो. मोठ्या बाईंना माझा निरोप द्या. म्हणावं, मैना हुशार आहे आणि तिला ॲस्पर्जर आहे, दोन्ही एका दमात सांगा, मधे श्वास घेऊ नका. तिला मुद्दाम करते म्हणू नका आणि कळत नाही म्हणू नका, नाव घेऊन सांगा, आणि सांगितलेलं कधी संपतं तेही सांगा. ठाण्याची शाळा ज्यांची आहे त्यांच्यासाठी असू दे. उद्या सकाळी मी स्वतः तिला तिच्या बाकावर बसवून जाणार. दामूलाही सांगा. दोरीवाल्या पोरींना सांगा. जाताना दारात बाया उभ्या असतील, विचारतील काय झालं म्हणून, त्यांनाही सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

जा. चप्पल तिकडे आहे.